फळ्याचा उजवा कोपरा

एकदा एका प्राध्यापकाला आपल्या वृद्ध गुरूंची शाबासकी हवीशी झाली. तशी त्याला कौतुकाची वाण नव्हती. तालुक्याच्या एका गावी तो महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. आपली सगळी व्याख्याने त्याने चित्रित करून घेतली होती आणि ती कुणालाही, कुठेही, फुकट पाहता येतील अशी खुली ठेवली होती. ज्यांनी त्याचे गाव नकाशावरसुद्धा पाहिले नव्हते अशी मुले त्याला कळवीत, 'सर, तुमच्यामुळे हा विषय सुटला.' ज्ञान ही कडीकुलपात ठेवण्याची वस्तू नाही असे तो मनापासून मानत होता आणि त्याप्रमाणे वागतही होता. एवढे पुण्य आधीच त्याच्या पदरात टाकून ठेवलेले बरे, कारण पुढे जे सांगायचे आहे ते त्याला फारसे शोभणारे नाही.

त्याच्या संस्थेने ही व्याख्याने आपल्या सर्व महाविद्यालयांतून दाखवायचे ठरवले आणि त्यासाठी एक समारंभ योजला. अध्यक्ष येणार होते, शाल-श्रीफळ होणार होते. प्राध्यापकाच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. पहिल्या रांगेत आपले गुरू बसलेले असावेत आणि त्यांनी समाधानाने एकदा मान डोलवावी.

हे गुरू त्याच महाविद्यालयातून निवृत्त झालेले. शिकवत असताना त्यांची एक रीत होती. फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ते खडूने एक चौकट आखून ठेवत. वर्गात कुणी असे काही विचारले की ज्याचे उत्तर त्या क्षणी त्यांच्यापाशी नाही, तर ते सारवासारव करत नसत. तो प्रश्न चौकटीत लिहीत आणि त्याखाली विचारणाऱ्याचे नाव. बाकीचा फळा रोज पुसला जाई, पण उत्तर सापडेपर्यंत त्या कोपऱ्याला हात लावायची शिपायालाही परवानगी नव्हती. त्याच खोलीत शिकवणारे दुसरे अध्यापक कुरकुरत. इतिहासाच्या तासालाही मुलांच्या डोळ्यांसमोर भौतिकशास्त्राचा प्रश्न राही, हे इतिहासाच्या अध्यापकांना रुचणे कठीणच होते.

आपला प्राध्यापक तेव्हा मागच्या बाकावरचा भानुदास खिलारे होता. वाडीवरून आलेला, वर्गात तोंड उघडायला घाबरणारा. उकळणाऱ्या द्रवांबद्दल शिकवणे चालू असताना एकदा त्याच्या तोंडून निघून गेले, "सर, दूध उतू जातं, मग पाणी का नाही जात?" वर्ग हसला. गुरू हसले नाहीत. थोडा वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, "मला सांगता येत नाही." मग त्यांनी तो प्रश्न चौकटीत लिहिला आणि खाली 'भानुदास खिलारे' असे लिहिले. नाव विचारले नाही. ते त्यांना ठाऊक आहे, हे त्या मुलाला त्या दिवशी प्रथमच कळले.

दिवाळीची सुट्टी आली आणि गेली, कोपरा तसाच होता. मग एके दिवशी दुपारी गुरू मुलांच्या खानावळीत आले आणि भानुदासच्या ताटासमोर बसले. मधल्या काळात प्रयोगशाळेत दूध उकळून टेबल खराब करून झाले होते, रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांचे डोके खाऊन झाले होते. त्यांनी सांगितले, की दूध तापले की त्यावर साय धरते. खालून येणारी वाफ त्या सायीखाली कोंडते आणि तिला उचलून बाहेर पडू पाहते, म्हणून दूध उतू जाते. पाण्यावर असे पांघरूण नसते. त्याची वाफ आपली सुटून जाते. एवढे सांगून ते उठले आणि जाता जाता म्हणाले, "चांगला प्रश्न होता. माझे हे सगळे दिवस त्यात छान गेले." भानुदासच्या ताटातली आमटी गार झाली होती. आपणही शिकवायचे, हे त्याने त्या गार आमटीसमोर ठरवले.

त्याच गुरूंना समारंभाचे आमंत्रण द्यायला तो त्यांच्या घरी गेला. ओसरीवर बसून त्याने सगळे उत्साहाने सांगितले. गुरूंनी लक्ष देऊन ऐकले. त्यांना नव्या साधनांचे वावडे नव्हते. कॅमेरा कसा लावतात, आवाज कसा घेतात, हे त्यांनी खोदून खोदून विचारले.

"आता तासही फार सुरळीत होतो, सर," प्राध्यापक म्हणाला. "पूर्वी पोरं मध्येच अडवायची, निम्मा भाग राहून जायचा. आता वर्गातही मी व्याख्यान पडद्यावरच लावतो. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. मी बाजूला बसून माझी कामं उरकतो."

"आणि शंका?"

"शंका उरतच नाहीत. नाही समजलं तर मागे न्यायचं, पुन्हा पाहायचं. एक मुलगी होती, सारखा हात वर करायची. तिला हेच सांगितलं, पुन्हा बघ, सगळं आहे त्यात. आता नाही करत."

"समजलं का तिला?"

"समजलं असणार. तशी ती पुढच्या वर्षी भौतिकशास्त्र सोडतेय म्हणे, वनस्पतिशास्त्र घेणार आहे. मुलगी हुशार होती. पण ज्याची त्याची आवड."

"नाव काय तिचं?"

प्राध्यापक आठवू लागला. "पुढच्याच बाकावर बसते," तो म्हणाला. "नाव आत्ता... येईल लक्षात."

"येतो मी समारंभाला," गुरू एवढेच म्हणाले.

समारंभाला सभागृह भरले होते. गुरूंसाठी पहिल्या रांगेत गादीची खुर्ची ठेवली होती, परंतु ते मागे जाऊन विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले. म्हातारपणीचा हट्ट म्हणून कुणी फार आग्रह केला नाही. दीपप्रज्वलन झाले, स्वागत झाले आणि नमुना म्हणून प्राध्यापकाचे एक व्याख्यान पडद्यावर सुरू करण्यात आले. विषय होता प्रकाशाचे परावर्तन. व्याख्यान खरोखरच देखणे होते. वाक्य स्वच्छ, आकृत्या आपोआप उमटणाऱ्या, आणि पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत प्राध्यापकाचे नाव. प्राध्यापक स्वतः व्यासपीठावर अध्यक्षांच्या शेजारी बसला होता आणि चेहऱ्यावर नम्रता टिकवण्याची खटपट करत होता.

व्याख्यान सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. मागच्या बाकावरून एक हात वर झाला. तो गुरूंचा होता.

आधी आसपासच्या मुलांनी पाहिले, मग एकमेकांना कोपराने ढोसले. पडद्यावरचा प्राध्यापक बोलत राहिला आणि हात वरच राहिला. प्राचार्यांनी एका स्वयंसेवकाला पाठवले. तो वाकून हळूच म्हणाला, "सर, पाणी आणू का? बाहेर जायचंय का?"

"नको," गुरू म्हणाले. "शंका आहे."

"पण सर, हा व्हिडिओ आहे."

"हो, दिसतंय मला."

स्वयंसेवकाला काय करावे ते कळेना. तो परत जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. एव्हाना हसणे सभागृहभर पसरले होते. गुरूंचा हात थरथरू लागला. त्यांनी डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार दिला, पण हात खाली घेतला नाही. मग हसणे हळूहळू थांबले. एक वयोवृद्ध माणूस हात वर धरून बसला आहे आणि समोरून एक आवाज न थांबता बोलतो आहे, हे पाहत बसणे जड जाऊ लागले.

प्राध्यापकाने तो हात अगदी पहिल्यापासून पाहिला होता. आपण उठावे, व्याख्यान थांबवावे, खाली जाऊन विचारावे, असे त्याला वाटलेही. परंतु शेजारी अध्यक्ष होते. समोर पाहुणे होते. त्याने पडद्याकडे नजर लावली आणि व्याख्यान संपेपर्यंत ती तेथेच ठेवली. कानाच्या पाळ्या तापल्या आहेत, हे त्याला जाणवत होते. आपल्या माणसाचा आपल्याला राग येतो आहे, हेही त्याला जाणवत होते. आणि ती गोष्ट त्याला त्या वेळी मुळीच चुकीची वाटत नव्हती.

व्याख्यान संपले, टाळ्या झाल्या. तेव्हा गुरूंनी हात खाली घेतला आणि बराच वेळ खांदा चोळत बसले.

लोक पांगल्यावर प्राध्यापक त्यांना दारापर्यंत पोचवायला गेला. खांद्यावरची शाल त्याने काढून हातात गुंडाळून धरली होती. आवारातल्या कडुलिंबाच्या पारावर गुरू टेकले. प्राध्यापक उभाच राहिला.

"सर, तुम्ही माझी फजिती केलीत," तो म्हणाला. इतके दिवस ज्यांच्यासमोर त्याने आवाज चढवला नव्हता, त्यांच्यासमोर त्याचा आवाज चढला. "व्हिडिओ आवडला नव्हता तर मला घरी सांगायचं. मशीनला हात दिसत नाही हे मला काय ठाऊक नाही?"

"व्याख्यान फार चांगलं आहे रे," गुरू म्हणाले. "मी कधी इतकं नीट बोललो नाही. ते लांबच्या मुलांपर्यंत जातंय, जाऊ दे. मी आयुष्यभर शिकवून जेवढ्यांना भेटलो नाही तेवढ्यांना ते भेटेल. त्याला बिचाऱ्याला डोळे नाहीत, त्याचा काय दोष? मी हात त्याला दाखवत नव्हतो. तुला दाखवत होतो. तू वर बसला होतास."

प्राध्यापकाने हातातली शाल आणखी घट्ट गुंडाळली.

"दिसला होता ना तुला?"

"हो."

"मग?"

"अध्यक्ष शेजारी बसले होते, सर."

"बरोबर आहे," गुरू म्हणाले. "आणि वर्गात कोण शेजारी बसतं?"

प्राध्यापकाचा चढलेला आवाज कुठल्या कुठे गेला. आपल्या वर्गातली ती पुढच्या बाकावरची मुलगी त्याला आठवली. तिचाही हात असाच वर राहत असे, आणि आपण असेच दुसरीकडे पाहत असू. सभागृहात निदान लोक पाहत होते म्हणून लाज वाटली. वर्गात तेवढीही वाटली नव्हती. गुंडाळलेली शाल कुठे ठेवावी हे त्याला सुचेना.

मग त्याने विचारले, "सर, तुमची शंका काय होती?"

"विसरलो," गुरू म्हणाले. "होती खरी. अगदी सुरुवातीच्या वाक्यांवरच अडलो होतो. पण हात दुखायला लागला, मग सगळं लक्ष हातातच गेलं. पुढचं काही ऐकलंही नाही. तू म्हणालास ना, शंका उरत नाहीत? खरंय तुझं. नाही उरत. समजतं म्हणून नव्हे. माणूस हात खाली घेतो, आणि तिथून पुढे तो वर्गात नुसता बसलेला असतो. दुसऱ्याला आपल्याजवळचं देणं सोपं असतं, भानुदास. तू भरभरून दिलंस. पण त्याचं काय अडलंय ते आपण घ्यावंही लागतं. ते घेणं तू बंद केलंस."

एवढे बोलून ते उठले, आणि आधार द्यायला पुढे आलेला त्याचा हात त्यांनी नेहमीसारखा धरला. फाटकापर्यंत दोघे तसेच चालत गेले. गुरूंच्या मनात राग नव्हता. प्राध्यापकाला मात्र त्यांनी रागावलेले परवडले असते.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात गेला. सवयीने त्याने प्रोजेक्टर सुरू केला आणि व्याख्यानाचे पहिले चित्र हिरव्या फळ्यावरच पडले, कारण पडदा अजून सभागृहातून परत आला नव्हता. फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात त्याचे नाव सोनेरी अक्षरांत झळकू लागले. हीच ती खोली होती. हाच तो कोपरा. तेथे कधीकाळी एका घाबरट मुलाचा दुधाबद्दलचा प्रश्न राखून ठेवला होता, आणि त्याच मुलाने मोठे होऊन त्या जागी स्वतःचे नाव टाकले होते. गुरूंनी हे काल पाहिले असणार. त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढले नव्हते. प्राध्यापकाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्याने प्रोजेक्टर बंद केला.

"आज व्याख्यान नाही," तो म्हणाला. "कुणाला काही विचारायचं आहे का?"

कुणीच काही बोलले नाही. मुले लाजत नव्हती, घाबरतही नव्हती. मशीन बिघडले असावे आणि ते दुरुस्त होईपर्यंत सर काहीतरी बोलत आहेत, असे समजून ती शांतपणे वाट पाहत होती. काहींनी तेवढ्यात डोके बाकावर टेकले. प्राध्यापकाने पुन्हा विचारले. वर्ग पुन्हा तसाच. तास सुरळीत होतो असे आपण ज्याला म्हणत होतो ते हे, हे त्याला आता समोर दिसत होते.

तो पुढच्या बाकापाशी गेला. ती मुलगी तेथे होती. वही मिटलेली होती.

"तू हात वर करायचीस," तो म्हणाला.

ती उभी राहिली. "आता नाही करत, सर," ती घाईने म्हणाली. आपल्यावर ठपका येतो आहे असे तिला वाटले असावे.

"तसं नाही. काय विचारायचं होतं तुला?"

"जाऊ द्या ना सर. पुढच्या वर्षी मी नाहीये या विषयाला."

"ते कळलं मला. तरी सांग. आठवत असलं तर."

तिने आधी मैत्रिणीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. तो चेष्टा करत नाही याची खात्री करून घ्यायला तिला थोडा वेळ लागला.

"आठवतं, सर. ते प्रकाशाचं चाललं होतं तेव्हाचं. पाण्याला तर रंग नसतो. मग कापड ओलं झालं की गडद का दिसतं? वाळलं की परत आधीसारखं होतं. म्हणजे रंग कुठे जात नाही. मग मधल्या वेळात काय होतं? मी व्हिडिओ परत परत बघितला. त्यात नाहीये ते."

"सोपं आहे," प्राध्यापक म्हणाला. "पाणी प्रकाश..." आणि तो थांबला. पाणी प्रकाश शोषून घेते म्हणावे, तर पेल्यातले पाणी काळे दिसत नाही. परावर्तन कमी होते म्हणावे, तर ते का कमी होते हेच तर मुलगी विचारत होती. असंख्य मुलांना प्रकाश समजावून देणारा तो माणूस एका ओल्या कापडापाशी अडला. पूर्वी असे अडला असता तर त्याने चार अवघड शब्द वापरून वेळ मारून नेली असती. ते शब्द आताही ओठांवर आले होते.

"मला सांगता येत नाही," तो म्हणाला.

बाकावर टेकलेली डोकी वर उठली.

त्याने फळ्याकडे जाऊन खडू शोधला. खडू नव्हता. डस्टरही नव्हते. या खोलीत त्यांची गरजच पडली नव्हती. एक विद्यार्थी शेजारच्या गणिताच्या वर्गातून खडूचा तुकडा मागून घेऊन आला. प्राध्यापकाने फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात चौकट आखली. हात सराईत राहिला नव्हता, चौकट वाकडी आली. त्यात त्याने लिहिले, 'कापड ओले झाल्यावर गडद का दिसते?'

"हे पुसायचं नाही," तो वर्गाला म्हणाला. "उत्तर सापडेपर्यंत."

"पण सर, तोवर मी इथे नसेन," ती मुलगी म्हणाली.

"प्रश्न असेल. उत्तर मिळालं की तू जिथे असशील तिथे येऊन सांगीन. आणि तुलाच आधी मिळालं तर तू येऊन मला सांग."

खाली बसताना तिने वही उघडली आणि फळ्यावरचा स्वतःचाच प्रश्न उतरवून घेतला. मागच्या बाजूला कुणीतरी आपल्या सदऱ्याच्या बाहीवर बाटलीतले पाणी ओतून पाहिले. शेजारच्याने त्याला दटावले आणि मग स्वतःही वाकून पाहू लागला.

प्राध्यापक फळ्याकडे वळला. प्रश्नाखाली आता विचारणारीचे नाव लिहायचे होते. त्याने खडू टेकवला आणि त्याचा हात तेथेच राहिला. वर्गात सगळ्यांना ते नाव ठाऊक होते. तो पाठमोरा तसाच उभा राहिला आणि सगळे पाहत राहिले. त्याला मागे वळणे कठीण झाले होते, तरी तो वळला.

"बाळ," तो म्हणाला, "नाव काय तुझं?"

"कावेरी," ती म्हणाली. "कावेरी सुतार."

त्याने ते सावकाश, नीट अक्षरांत लिहिले. ती पहिल्या दिवसापासून त्याच्या समोरच्या बाकावर बसत आली होती, आणि वर्ष संपत आले होते.